डबाबंद भाजी : काय उरते, काय उतरते?

(मंडळाच्या महिला विभागातील आहार गटाने श्रावणातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आहार गटातल्या आम्ही चौघींनी यंदा बोलण्यासाठी विषय घेतला आहे डबाबंद भाज्यांचा. फलकावर विषय लागला तेव्हाच काही जणांनी आम्हाला अडवले. म्हणाले, "मराठी घरात डब्यातली भाजी येते तरी कुठे? आपल्याकडे डबा असतो तो आमरसाचा!"

आमरसाचा डबा आपला लाडका, हे खरेच. आंब्याचा मोसम सरल्यावर पाहुणे आले की तो उघडतो आणि त्याला कोणी शिळा म्हणत नाही. मटार, मका, मशरूम किंवा छोल्यांचा डबा दिसला की मात्र आपण नाक मुरडतो. म्हणजे डब्याला आपली ना नाही, डब्यातल्या भाजीला आहे. आणि नाक मुरडत मुरडतच हे डबे आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसले आहेत. टोमॅटोची प्युरी तर आता कित्येक घरांत चिंचेच्या कोळाइतकी नेहमीची झाली आहे.

हा विषय घेण्यामागे एक काळजी आहे. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांत आता दोघेदोघे किंवा एकेकटे राहणारे ज्येष्ठ बरेच आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर अमेरिकेला. गुडघे दुखतात, रैतू बाजारापर्यंत जाणे होत नाही, विळीवर बसणे तर केव्हाच सुटले. मग भाजी हळूहळू कमी होते. आधी पालेभाजी जाते, कारण ती निवडायला लागते. मग गवार आणि वाल जातात. शेवटी उरतात बटाटा, कांदा, वरण-भात आणि लोणचे. आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत, वय ऐंशीच्या पुढे. नातवाने त्यांना कपाटभर डबे आणून दिले. काकूंनी त्यांतला एकही उघडला नाही. "त्यात सत्त्व कुठलं?" म्हणून त्या बटाट्याची काचरीच खात राहिल्या. दुसऱ्या टोकाला हायटेक सिटीत नोकरी करणारी आपली नातवंडे आहेत. ती रात्री दहाला घरी येऊन डबा फोडतात आणि पाण्यासकट कढईत ओततात. आमच्या मते चूक दोन्हीकडे आहे. ती कशी, ते आज आकड्यांनिशी सांगतो.

डब्यात नेमके काय होते

भाजी डब्यात टिकते ती औषध घातल्यामुळे, असा एक समज आहे. मुळात ती टिकते उष्णतेमुळे. फ्रान्समधल्या निकोला आपेर या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. त्याबद्दल फ्रेंच सरकारने त्याला १८१० मध्ये १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. हे अन्न का टिकते, ते मात्र पुढे लुई पाश्चरने जंतूंचा अभ्यास केल्यावर कळले.

आज कारखान्यात भाजी धुतात, चिरतात, थोडा वेळ उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, मिठाच्या पाण्यासह डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि मग मोठ्या दाबाच्या भांड्यात तापवतात. मटार, मका, गाजर, मशरूम यांसारख्या आंबट नसलेल्या भाज्यांसाठी १२१ अंश सेल्सिअसचा हिशेब धरतात, कारण त्यांत बोटुलिनम नावाचा अत्यंत घातक जंतू वाढू शकतो आणि त्याची बीजे साध्या उकळण्याने मरत नाहीत. टोमॅटो मुळात आंबट, म्हणून त्याला कमी उष्णता पुरते. घरी प्रेशर कुकरमध्ये आपण करतो त्याच जातीचे हे काम आहे, फक्त मोजून-मापून आणि हवाबंद.

तेव्हा डब्यातली भाजी ही शिजवलेली भाजी आहे. हे लक्षात ठेवले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

कोण टिकते, कोण पळते

भाजीतल्या घटकांचे दोन गट करू या. पहिला गट उष्णतेला आणि पाण्याला भिणारा. क जीवनसत्त्व, फोलेट आणि ब गटातले थायमिन ही त्यातली मुख्य मंडळी. ही काही प्रमाणात उष्णतेने मोडतात आणि काही प्रमाणात पाण्यात उतरतात. पोटॅशियम मोडत नाही, पण तेही पाण्यात उतरते. दुसरा गट चिवट. प्रथिने, तंतू म्हणजे आपला चोथा, लोह-कॅल्शियमसारखी खनिजे, गाजर-भोपळ्यातले बीटा-कॅरोटिन आणि टोमॅटोला लाल रंग देणारे लायकोपीन. यांतले बहुतेक डब्यात टिकून राहते.

आकड्यांबद्दल एक खुलासा. आपल्या तार्नाक्यातली राष्ट्रीय पोषण संस्था १९१८ मध्ये कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. तिने २०१७ मध्ये ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत प्रामुख्याने कच्च्या पदार्थांची मोजणी आहे. म्हणून डबाबंद भाज्यांसाठी आम्ही अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांचा आधार घेतला आहे. पुढचे सर्व आकडे १०० ग्रॅम भाजीचे, सुमाराने आणि डब्यातले पाणी निथळून टाकल्यावरचे आहेत. कंपनीप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतील.

मटार

सुरुवात मटारपासून. ताज्या कच्च्या मटारात क जीवनसत्त्व ४० मिलिग्रॅम, डब्यातल्या मटारात १०. हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल, बघा, तीन भाग गेले! पण कच्चे मटार आपण सोलता सोलता तोंडात टाकतो तेवढेच. बाकीचे उसळीत किंवा पुलावात जातात. ताजे मटार उकडले की त्यांतले क जीवनसत्त्व १४ मिलिग्रॅमवर येते. म्हणजे खरी तुलना १४ आणि १० ची. प्रथिने उकडलेल्या ताज्या मटारात साडेपाच ग्रॅमच्या आतबाहेर आणि डब्यात साडेचार. इथवर डबा फार मागे नाही.

फरक पडतो तो मिठात. ताज्या मटारात सोडियम जेमतेम ५ मिलिग्रॅम, डब्यातल्या मटारात अडीचशेच्या घरात. याकडे नंतर वळू.

मटाराच्या डब्यात आणखी एक खुबी आहे. काही डब्यांत हिरवे कोवळे मटार नसतातच. सुके वाटाणे भिजवून भरलेले असतात. त्यांत प्रथिने आणि तंतू चांगले मिळतात, पण क जीवनसत्त्व जवळपास नाही. शिवाय उष्णतेने मटाराचे हरितद्रव्य मळकट पडते, म्हणून डब्यातल्या मटाराला कृत्रिम रंग घालायला आपल्या अन्न नियमांनी मुभा दिलेली आहे. वेष्टनावर घटकांची यादी असते. तिच्यात 'सुके वाटाणे' आणि 'रंग' हे शब्द शोधा. पोपटासारखा हिरवागार मटार दिसला तर आधी यादी वाचावी.

टोमॅटो

सगळ्या डब्यांत गुणी डबा टोमॅटोचा. क जीवनसत्त्व थोडे कमी होते, पण टोमॅटो आंबट असल्यामुळे बरेचसे टिकते. लायकोपीन तर उलट अधिक हाती लागते. ताज्या टोमॅटोत ते अडीच मिलिग्रॅमच्या आसपास असते, प्युरीत वीसच्या पुढे, कारण प्युरी आटवलेली असते. शिवाय टोमॅटो शिजला की त्याच्या पेशी फुटतात आणि लायकोपीन शरीराला सहज घेता येते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये टोमॅटो ८८ अंशांना अर्धा तास तापवून पाहिला. क जीवनसत्त्व २९ टक्के घटले, पण सहज मिळणारे लायकोपीन दीडपटीहून जास्त वाढले. लायकोपीन तेलात विरघळते, म्हणून फोडणीत परतलेली प्युरी हा चांगला योग.

घेताना मात्र बिनमिठाची प्युरी घ्यावी. 'प्युरी' आणि 'केचप' यांत गल्लत नको. केचपमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असते आणि ते भाजीत धरता येत नाही.

गाजर, भोपळा आणि बीट

गाजरात बीटा-कॅरोटिन ८ मिलिग्रॅमच्या थोडे वर असते आणि डब्यातल्या गाजरात ५ च्या थोडे वर. घटले हे खरे, तरी जे उरते ते भरपूर आहे.

लाल भोपळ्याची गोष्ट अमेरिकेतल्या आपल्या लेकी-सुनांना चांगली माहीत आहे. तिथे भोपळ्याच्या गराचा डबा मिळतो आणि त्याचे घारगे झकास होतात. तो गर घट्ट, पाणी कमी आणि फळाची जात गडद केशरी, म्हणून त्यात बीटा-कॅरोटिन घरी उकडलेल्या साध्या भोपळ्याच्या तिप्पट भरते. घ्यायचा तो नुसत्या भोपळ्याचा. गोड मसाला घातलेला डबाही शेजारीच ठेवलेला असतो.

बिटाचे मात्र नुकसान मोठे. कच्च्या बिटात फोलेट १०९ मायक्रोग्रॅम, घरी उकडलेल्यात ८०, डब्यातल्यात ३०. फोलेट हे गरोदर स्त्रीला अत्यावश्यक जीवनसत्त्व. तेव्हा घरात कोणी गरोदर असेल तर बिटासाठी आणि पालेभाजीसाठी डब्यावर विसंबू नये.

पालक

डब्यातला पालक आपल्याकडे कमी, परदेशी फार. साग म्हणून आपल्या दुकानांतही दिसतो. फोलेट कच्च्या पालकात १९४ मायक्रोग्रॅम, उकडलेल्यात १४६, डब्यातल्यात ९८. इथे डबा हरला. पण क जीवनसत्त्व डब्यातल्या पालकात १४ मिलिग्रॅम मिळते आणि भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलेल्या ताज्या पालकात १० च्या आत. म्हणजे पालक ताजा आणला आणि उकळून त्याचे पाणी मोरीत ओतले, तर आपणच सत्त्व फेकले. आपली जुनी पद्धत, डाळ-दाणे घालून पातळभाजी करायची आणि पाणी त्यातच ठेवायचे, ही त्या दृष्टीने शहाणपणाची.

'ताजे' या शब्दाबद्दलही थोडे बोलायला हवे. हिरव्या शेंगांच्या भाजीतले क जीवनसत्त्व फ्रीजमध्ये सात दिवसांत ७७ टक्क्यांपर्यंत घटते, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००७ च्या आढाव्यात नोंदले आहे. मटारात ही घट १५ टक्केच. रविवारी आणलेली फरसबी पुढच्या शनिवारी चिरली तर ती नावापुरतीच ताजी. शेतातून आली आणि त्याच दिवशी शिजली ती खरी ताजी भाजी. तिची सर कशालाच नाही.

मका आणि मशरूम

गोड मक्याचा डबा मुलांचा आवडता. तापवल्याने मक्यातले क जीवनसत्त्व कमी होते, पण ते मुळातच थोडे, ७ मिलिग्रॅम. कॉर्नेलच्याच अभ्यासात तापवलेल्या मक्याची प्राणवायूच्या दुष्परिणामांना रोखणारी शक्ती ४४ टक्के वाढलेली आढळली. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मका हे धान्य आहे. ताज्या गोड मक्यात १९ ग्रॅम कर्बोदके असतात. मधुमेह असलेल्यांनी मक्याची वाटी पोळी-भाताच्या हिशेबात धरावी, भाजीच्या नाही.

मशरूमचे आकडे आम्हाला सर्वांत बोलके वाटले. ताज्या मशरूममध्ये सोडियम ५ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ३१८. डब्यातल्या मशरूममध्ये सोडियम ४२५ आणि पोटॅशियम १२९. मीठ आत शिरले, पोटॅशियम बाहेर गेले. ताजी मशरूम आता शहरात सगळीकडे मिळतात आणि चिरायलाही सोपी. तेव्हा मशरूमचा डबा घेण्याचे कारण उरलेले नाही.

छोले आणि राजमा

ही भाजी नव्हे, कडधान्ये. पण डब्यांच्या फळीवर शेजारीच असतात. घरी भिजवून उकडलेल्या छोल्यांत प्रथिने ९ ग्रॅम, डब्यातल्यात ७. तंतू साडेसात आणि साडेसहा. फोलेट घरी १७२ मायक्रोग्रॅम, डब्यात ५० च्या आसपास. सोडियम घरी मीठ न घालता ७, डब्यात अडीचशे. पैशाचा हिशेब तुम्हीच करा. रात्री मूठभर छोले भिजत घालायला गुडघे लागत नाहीत. हा डबा प्रवासासाठी किंवा अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवावा. टोमॅटोच्या रसातल्या बीन्सच्या डब्यात तर साखरही घातलेली असते. तो रोजचा नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांसाठी एक शब्द. तिथे कच्च्या फणसाचा डबा मिठाच्या पाण्यात मिळतो आणि त्यामुळे फणसाची भाजी घडते. अळूच्या पात्राचाही डबा मिळतो. सणाला जरूर करावे. फणस दोन पाण्यांनी धुवावा आणि भाजीत मीठ चाखून, अगदी शेवटी घालावे.

खरा प्रश्न मिठाचा

आता मघाशी राखून ठेवलेला मुद्दा. डब्यातल्या भाजीचे सत्त्व जाते, ही आपली भीती अर्धीच खरी आहे. प्रथिने राहतात, चोथा राहतो, रंगद्रव्ये राहतात. आपण ज्याला भीत नाही, त्या मिठाने खरी अडचण केली आहे.

आपल्या मंडळात रक्तदाब तपासणीचा दिवस असतो. त्या दिवशी रांगेत बसलेल्यांपैकी किती जण रोज गोळी घेतात, ते आपण सगळे पाहतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात सोडियम २,००० मिलिग्रॅम. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. डब्यातल्या मशरूमचे ४२५ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅमहून थोडे जास्त मीठ. वाटीभर भाजीत दिवसाच्या मिठाचा पाचवा हिस्सा संपला. तोही आपण कढईत चिमूट टाकण्याआधी. वर पापड, मेतकूट आणि या मुलखात राहून आपलीच झालेली आवकाय.

रक्तदाबाच्या दृष्टीने पोटॅशियम हे सोडियमचा तोल सांभाळणारे. देवाने भाजी घडवली ती पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नावाला, अशी. डब्यात हे नाते उलटे होते. म्हणून रक्तदाब असलेल्यांनी डबा पाण्यासकट कढईत ओतणे, हे सर्वांत वाईट.

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. डबा चाळणीत ओतायचा, पाणी निथळू द्यायचे आणि भाजी नळाखाली खळखळून धुवायची. अमेरिकेत डबाबंद कडधान्यांवर झालेल्या एका तपासणीत नुसते निथळल्याने सोडियम ३६ टक्के आणि निथळून धुतल्याने ४१ टक्के कमी झाले. धुताना थोडे क जीवनसत्त्वही जाते. ते परत आणायला वरून लिंबू पिळा, कोथिंबीर घाला. मीठ काही असे परत काढता येत नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांचे गणित निराळे. त्यांना कधी पोटॅशियमच कमी करायला सांगतात. त्यांनी आमचे ऐकू नये, आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

डबा विकत घेताना आणि उघडताना

पहिले, वेष्टन वाचा. अक्षर बारीक असते, नातवंडांकडून वाचून घ्या. सोडियम किती, साखर घातली आहे का, रंग आहे का, हे त्यावर असते. क जीवनसत्त्व बहुधा लिहिलेले नसते, ते शोधत बसू नका.

दुसरे, निथळलेले वजन पाहा. डब्यावर एकूण वजन मोठ्या अक्षरात असते, पण त्यात पाणीही आले. दर काढायचा तो निथळलेल्या वजनावर.

तिसरे, फुगलेला, गळणारा, शिवणीजवळ चेपलेला किंवा गंजून पोखरलेला डबा घेऊ नका. घरात सापडला तर उघडू नका आणि "जरा चाखून बघू" असे तर मुळीच म्हणू नका. मघाशी सांगितलेल्या जंतूच्या विषाला वास किंवा चव असेलच असे नाही. डबा पिशवीत बांधून टाकून द्या. दहा-वीस रुपयांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही.

चौथे, उघडलेला डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. उरलेली भाजी काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

पाचवे, घरच्या घरी मटार किंवा फरसबी बाटलीत भरून उकळून ठेवण्याचा प्रयोग करू नका. लोणचे टिकते ते आंबटपणा आणि मिठामुळे. भाजीला तो आधार नसतो. जानेवारीत मटार स्वस्त होतात तेव्हा सोलून, दोन मिनिटे उकळत्या पाण्यात टाकून, लगेच गार पाण्यात काढून, कोरडे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. असे गोठवलेले मटार शिजल्यावर क जीवनसत्त्वात डब्याच्या बरोबरीचे आणि मिठात त्याच्या कितीतरी मागे. जागा असेल तर डब्यापेक्षा हे बरे.

तात्पर्य

आम्ही चौघींनी मिळून जी उतरंड लावली ती अशी. सगळ्यात वर, आणली त्याच दिवशी शिजवलेली ताजी भाजी. तिच्याखाली गोठवलेली. तिच्याखाली निथळून धुतलेला डबा. त्याच्याही खाली आठवडाभर फ्रीजमध्ये सुकलेली भाजी. आणि सगळ्यात तळाला, न खाल्लेली भाजी.

फळे आणि भाज्या मिळून दिवसाला ४०० ग्रॅम तरी पोटात जाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. बटाट्यासारखे कंद त्यात धरत नाहीत. एकट्या राहणाऱ्या आपल्या किती ज्येष्ठांच्या ताटात इतकी भाजी पडते? ज्या दिवशी बाजारहाट होत नाही, त्या दिवशी गाजर-मटाराचा डबा धुऊन, जिरे-कढीपत्त्याची फोडणी देऊन, लिंबू पिळून खाल्लेला हजार पटींनी बरा. त्या काकूंच्या कपाटातले डबे आम्ही तपासले. मशरूमचे आणि बीन्सचे बाजूला काढले. गाजराचे, मटाराचे आणि टोमॅटोचे ठेवले आणि ओट्यावर एक चाळणी टांगून आलो. आता त्या आठवड्यातून दोनदा डबा उघडतात. बाकीच्या दिवशी शेजारची सून स्वतःसाठी भाजी आणते तेव्हा त्यांच्यासाठीही पाव किलो आणते.

ही शेजारची पाव किलो भाजी मंडळातर्फे सगळ्यांसाठी करता आली तर डब्याची गरजच कमी पडेल. म्हणून आमची एक सूचना आहे. जे सभासद रैतू बाजारात जातात त्यांनी जवळपासच्या एका ज्येष्ठ घराची पिशवी आपल्याबरोबर न्यावी. महिला विभाग नावांची यादी करायला तयार आहे. भाजी निवडून द्यायचीही आमची तयारी आहे. गप्पा मारता मारता मेथीच्या दोन जुड्या सहज निवडून होतात.

गणपती येतील. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजी होईल. अळू, भोपळा, मका, सुरण, दोडका, भेंडी, सगळे एका पातेल्यात. मग गौरी येतील आणि मराठवाड्याकडून आलेल्या आपल्या घरांत सोळा भाज्यांचा नैवेद्य होईल. एका ताटात इतक्या तऱ्हेच्या भाज्या हव्यात, हे आपल्या वाडवडिलांना कोणत्याही तक्त्यावाचून ठाऊक होते. त्या सोळांतली एखादी नाइलाजाने डब्यातली असली तर गौराई रागावणार नाही. सोळाच्या सोळा मात्र डब्यातल्या नसाव्यात, आणि नुसता बटाटा तर नकोच नको.

शंका असतील त्यांनी प्रसादानंतर आम्हाला गाठावे. येताना घरातला एखादा डबा घेऊन या, वेष्टन मिळून वाचू.

गणपती बाप्पा मोरया!